शेजारची चिमट्यांची टोपली

१ मार्च, रविवार
आजपासून पक्षिनिरीक्षण. छंद म्हणून नाही. छंद रिकाम्या लोकांना लागतात. मी आठवडाभर लॅबमध्ये लोकांचे वजनकाटे, थर्मामीटर आणि आवाज मोजायचे मीटर तपासते, आणि कुठलं उपकरण खोटं बोलतंय ते सांगते. तीच नजर आता पक्ष्यांवर वापरायची, एवढंच.
सकाळी पक्षिमंडळाबरोबर तलावाच्या कडेने फेरी मारली. मंडळाचे प्रमुख दंतवैद्य आहेत. प्रश्न विचारतात, पण उत्तरासाठी थांबत नाहीत. समोरच्याचं तोंड उघडं आणि कापसाने भरलेलं असण्याची सवय. बाकीचे बिस्किटं खायला येतात. एक गृहस्थ तर दुर्बीण विसरतात, पुडा विसरत नाहीत.
विजेच्या खांबावरचं घुबड सर्वांत आधी मला दिसलं. वीस मिनिटं जराही हललं नाही, ही घुबडाची खूणच. दंतवैद्यांनी बघून हळूच सांगितलं की तो इन्सुलेटर आहे. पुडेवाले हसले.
उंची, रंग आणि आकार यांबाबतचा माझा अंदाज अचूक होता. फक्त जात चुकली.

२ मार्च
फेऱ्या बंद. माणसांच्या गर्दीत पक्षी पाहता येत नाहीत. निरीक्षणाचं खरं ठिकाण म्हणजे माझी बाल्कनी. शांत, स्वच्छ, माझ्या ताब्यात.
घरातल्या वन्यजीवांपासून सुरुवात. ट्यूबलाइटमागे एक पाल आहे. तिला नाव देणार नाही. लोक असल्या प्राण्यांना नावं देतात आणि मग त्यांच्याशी बोलायला लागतात. रोज फक्त हजेरी घ्यायची.
पाल: हजर.

५ मार्च
बाल्कनीत पक्षी येत नाहीत. कारण सापडलं आहे. शेजारच्या काकू.
त्यांचा रेडिओ सकाळी सुरू होतो तो काका झोपेपर्यंत. काका कानाने अधू, त्यामुळे रेडिओ जोरात, आणि रेडिओवरून ऐकू जावं म्हणून काकू त्याहून जोरात. मध्ये कुकर. मीटर लावून मोजलं. आकडा, तारीख, वेळ कागदावर लिहून त्यांच्या दाराखालून सरकवला. आरडाओरडा नाही, भांडण नाही. आकडा पुरेसा बोलका असतो.

६ मार्च
काकू दारात. हे चौऱ्याहत्तर कसले, तुझे परीक्षेतले मार्क का, म्हणून विचारत होत्या. डेसिबल समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, एवढीशी पोर, मीटर घेऊन भिंतीला कान लावून बसतेस, त्यापेक्षा आत येऊन बस ना बाई. नको म्हटलं. आवाज काही कमी झाला नाही.
आईचा फोन. जेवलीस का. हो. ठेवते मग. आमचं संभाषण आदर्श असतं. यात मोजण्यासारखं काही नाही, म्हणजे वाया जाण्यासारखंही काही नाही.
पाल: हजर.

१२ मार्च
बुलबुलाची जोडी. शेपटीखाली लाल, डोक्यावर शेंडी. माझ्या जाईच्या कुंडीत काड्या आणत आहेत. बुलबुल म्हणजे अगदीच साधा पक्षी, मंडळात त्याच्याकडे कुणी मान वळवूनही बघत नाही. म्हणूनच तो नीट मोजलेला नाही.
निर्णय: पहिल्या काडीपासून पिल्लं उडेपर्यंत संपूर्ण नोंद.

१५ मार्च, रविवार
तलावावर मुद्दाम जाऊन दंतवैद्यांना सांगितलं. एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मंडळाची सभा असते, तिथे बोलायचं ठरलं. विषय: शांतता आणि बुलबुलांची वीण, एक मोजलेला अभ्यास. त्यांनी विचारलं, पण अंडी घातलीत का अजून, आणि नेहमीप्रमाणे पुढे निघाले. पुडेवाल्यांनी विचारलं की शेवटी इन्सुलेटर तर निघणार नाही ना.
सव्वीस एप्रिलला सगळ्यांची तोंडं बंद होतील. बिस्किटासाठीसुद्धा उघडणार नाहीत.

१६ मार्च
बाल्कनी सज्ज केली. कॅमेरा लवचिक दांडीवर, कुंडीपासून हातभर. तापमानाची वायर घरट्याच्या काठाला. आवाजाचा मीटर कठड्यावर. दाराची बेल काढून ठेवली. पंखा बंद. घरात मोज्यांवर चालते. पक्ष्याला याहून चांगली जागा मिळणं अशक्य.

१७ मार्च
घरटं जवळजवळ पूर्ण. एक काडी मात्र वाकडी बाहेर आली होती आणि त्यामुळे सगळा गोल बिघडत होता. मी ट्वीझरने ती आत बसवली. मदत म्हणून. आता घरटं पहिल्यापेक्षा बरंच व्यवस्थित दिसतं.

१८ मार्च
बुलबुल आले. दांडीवर बसले. कॅमेऱ्यात डोकावले. गेले.

२० मार्च
आले नाहीत. घरट्याचं तापमान उत्तम. शांतता उत्तम. सगळी उपकरणं बिनचूक चालली आहेत. तेव्हा दोष कुठे आहे ते उघड आहे. ही जोडी अननुभवी असावी.
पाल: हजर.

२२ मार्च, रविवार
एक बुलबुल आला आणि माझ्या घरट्यातल्या काड्या उपसून घेऊन गेला. दिशा पाहिली.
काकूंची गॅलरी.

२३ मार्च
खात्री झाली. काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, रेडिओपासून जेमतेम दीड हातावर, कपड्यांच्या चिमट्यांची प्लास्टिकची टोपली टांगलेली आहे. तिची एक कडी तुटली आहे, ती सुतळीने बांधली आहे. त्या टोपलीत, चिमट्यांवरच, घरटं चाललंय. खालून कुकरची वाफ. समोर काकांचा पायजमा फडफडतोय.
माझ्याकडून नेलेली वाकडी काडी त्यात आहे. पुन्हा बाहेर आलेली.
काड्या माझ्या असल्यामुळे तांत्रिकदृष्ट्या हे माझंच घरटं आहे. अभ्यास चालू. फक्त जागा बदलली.

२९ मार्च, रविवार
काकूंकडे गेले, कॅमेरा आणि दांडी घेऊन. काकू म्हणाल्या, तो सगळा बाजार दाराबाहेर ठेव, माझ्या बाळंतिणीला नजर लावू नकोस. मी सांगितलं की ही उपकरणं प्रमाणित आहेत. त्या म्हणाल्या, तुझ्याकडे प्रमाणित होतं ना सगळं, मग आली का ती पळून?
कॅमेरा आणि दांडी दाराबाहेर भिंतीला टेकवली. 
शेवटी रिकाम्या हाताने आत गेले. बसायला स्टूल मिळालं आणि सोलायला मटार. अंडी तीन, गुलाबीसर, त्यांवर तपकिरी ठिपके. चिमटे आत अडकल्यामुळे काकू आता कपड्यांना केसांच्या पिना लावतात. काकांचा बनियन उडून माझ्या बाल्कनीत आला होता, तो परत केला.

४ एप्रिल
रोज लॅबमधून परत आल्यावर काकूंकडे. निव्वळ नोंदीसाठी. मटार संपले, आता लसूण. काकूंना बुलबुल हे नावही ठाऊक नाही, त्या तिला शेंडीवाली म्हणतात आणि फोडणी टाकताना तिला उद्देशून म्हणतात, ठसका लागेल गं, तोंड फिरव. शास्त्राच्या दृष्टीने हे सगळं कमालीचं हास्यास्पद आहे.
आज लसूण सोलताना मीही तोंड फिरव असं म्हणाले. काकांना म्हणाले. ते जवळ बसले होते.

१२ एप्रिल, रविवार
पिल्लं. तीन. दिसायला अत्यंत वाईट. नुसत्या चोची आणि पोट. काकू म्हणाल्या, अगदी तुझ्यासारखं, एवढं आत जातं पण अंगाला काही लागत नाही. आणि माझ्यापुढे ताट ठेवलं. जेवून आले.
घरी येऊन पालीची हजेरी घ्यायची राहिली.

१८ एप्रिल
काकूंच्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन. काका-काकू उद्या निघणार, शुक्रवारी दुपारी परत. किल्ली माझ्याकडे. काकूंनी सांगितलं, समोरच्या पाण्याच्या टाकीवर एक कावळा बसलेला असतो. घरात आवाज असला की जवळ येत नाही. घर मुकं झालं की एका दिवसात तिन्ही उचलेल. तेव्हा रेडिओ चालू ठेव आणि बोलत राहा.
मी विचारलं, कुणाशी. त्या म्हणाल्या, अगं कुणाशीही, माणसाला काय बोलायला कारण लागतं?
आवाज आणि कावळा यांच्या संबंधाला कुठलाही पुरावा नाही. तरी नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच रजा टाकली. कारणाच्या रकान्यात ‘घरगुती’ लिहिलं. साहेबांनी दोनदा वाचलं.

२० एप्रिल
काकूंचा रेडिओ खरखरत होता. पाच मिनिटांचं काम, म्हणून उघडला. माझ्या हाताखालून याहून कितीतरी नाजूक उपकरणं गेली आहेत.

२० एप्रिल, दुपार
रेडिओ बंद पडला. भाग निकृष्ट होते.
कावळा टाकीवरून कठड्यावर.

२० एप्रिल, संध्याकाळ
मोठ्याने बोलायला सुरुवात केली. बोलण्यासारखं काही सुचेना, म्हणून आवाजाच्या मीटरची माहितीपुस्तिका वाचली. स्पष्ट उच्चारात, सुरक्षिततेच्या सूचनांसहित. कावळा एक उडी जवळ आला आणि मान वाकडी करून ऐकत बसला. आजवर इतकं लक्ष देऊन माझं कुणी ऐकलेलं नाही.
लाटणं दाखवल्यावर गेला. पिल्लं आत गोळा होऊन गप्प. त्यांची आई चोचीत अळी धरून तारेवर ताटकळली. माझ्यामुळे की कावळ्यामुळे, हे ठरवता आलं नाही. ठरवायचा प्रयत्न केला नाही.

२१ एप्रिल
आईला फोन केला. जेवलीस का. हो. ठेवते मग. मी म्हटलं, थांब, ठेवू नकोस, बोल.
 ती म्हणाली, खरं सांग, काय झालंय? नोकरी गेली का? कुणी आहे का तुझ्या आयुष्यात? मी म्हटलं, कावळा आहे. ती म्हणाली, असं बोलू नये गं, रंगाने काय होतंय, मुलगा मनाने चांगला असला म्हणजे झालं.
तिला परिस्थिती समजावली. मग स्पीकर चालू करून फोन खिडकीत ठेवला. आईच्या आवाजाची पट्टी काकूंच्या जवळपास आहे. हे आजवर लक्षात आलं नव्हतं, कारण तिला कधी एवढं बोलू दिलं नव्हतं. कावळा टाकीवर परत गेला.

२३ एप्रिल
तीन दिवस फोन जवळजवळ अखंड. बाबांच्या गुडघ्यापासून सुरुवात करून आई माझ्या जन्मापर्यंत आली आहे. मी लहानपणी इतकी बोलायचे म्हणे की पाहुणे मधूनच उठून जायचे. या माहितीचा स्रोत विश्वासार्ह नाही.
मीही बोलते. गरजेपुरतं. आज गरज दुपारभर होती.
पिल्लांना पिसं आली. एक टोपलीच्या काठावर चढून बसतं. उद्या उडतील असं वाटतं. पिल्लं उडण्याचा क्षण हाच अभ्यासाचा कळस, सभेतलं सगळं त्यावर आहे. काकू इथे नाहीत, तेव्हा कॅमेरा आणि दांडी आत आणून खिडकीपाशी लावली. बटण दाबायचं तेवढं बाकी. नजर हलवायची नाही.

२४ एप्रिल
सकाळी आईचा फोन चालू. मी तिला लॅबमधल्या एका वजनकाट्याची गोष्ट सांगत होते, तो सगळ्यांना दोन किलो कमी दाखवायचा आणि म्हणून कुणी त्याची तक्रारच करत नव्हतं. आई हसायला लागली. तिचं हसणं थांबेना, मग मलाही आवरेना. ओट्याला टेकून, खिडकीकडे पाठ करून हसत होते.
मग आई म्हणाली, अगं, मागचा किलबिलाट थांबला की.
मी म्हटलं, कसला.
वळून पाहिलं. टोपलीत नुसतं घरटं आणि चिमटे होते.
तिन्ही समोरच्या झाडावर, आईबापांसकट, फांदीवर धडपडत होती. कावळा टाकीवर. कॅमेऱ्याचं बटण दाबलेलं नव्हतं.
काकू दुपारी आल्या. रिकामी टोपली पाहून म्हणाल्या, गेली का धड? धड गेली, असं सांगितलं. मग रेडिओबद्दलही सांगितलं. त्या म्हणाल्या, जाऊ दे, चिमटे तर सुटले.

२६ एप्रिल, रविवार
सभा. स्लाइड भरपूर होत्या. माझ्या बाल्कनीच्या शांततेचे आलेख, आणि एका रिकाम्या घरट्याच्या तापमानाचा अत्यंत सुबक आलेख. त्यानंतर म्हटलं की पुढील निरीक्षण पर्यायी स्थळी झालं, त्याची आकडेवारी उपलब्ध नाही.
दंतवैद्यांनी विचारलं, मग उडाली का पिल्लं? आणि पहिल्यांदाच उत्तरासाठी थांबले.
मी म्हटलं, उडाली. मी पाहिली नाहीत. माझ्या आईने ऐकली. फोनवर.
कुणी हसलं नाही, हे जास्त त्रासदायक होतं. पुडेवाल्यांनी पुडा पुढे केला. नमुना म्हणून एक घेतलं.

३ मे, रविवार
बुलबुल एका मोसमात दुसऱ्यांदाही घरटं करतात. या खेपेस सर्व बाबी माझ्या ताब्यात आहेत. दोन रेडिओ आणले, एक काकूंना भरपाई म्हणून दिला, दुसरा माझ्या बाल्कनीत. प्लास्टिकची टोपली टांगली. तिची एक कडी तोडून सुतळीने बांधली. नवे चिमटे घातले. वाळत घालायला पायजमा नव्हता, लॅबचा कोट लावला. रेडिओ पूर्ण आवाजात. त्यावरून ऐकू यावं म्हणून आई तिकडून ओरडून बोलते, मी इकडून.
दिवसभरात पक्षी: शून्य. पाल: गैरहजर.
संध्याकाळी काकूंनी भिंत ठोकली. मग दारात येऊन म्हणाल्या, आवाज जरा कमी कर गं बाई, काकांचं डोकं दुखायला लागलंय. काका कानाने अधू आहेत, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. त्या म्हणाल्या, म्हणून तर सांगतेय.
नोंद: या भिंतीतून आवाज फार जातो. हे मी पाच मार्चलाच लिहून दिलं होतं.