तुझं ठेवणीतलं वाक्य

फेअरबँक्स, अलास्का
२० जून २०२३

माझ्या आईला, लेकीचा लांबून एक पापा.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, थंडीही सरली. तुझा गुडघा कसा आहे? खोटं सांगू नकोस.

काल आपली एकोणीस जून. आदल्या दिवशी तू मालकिणीला ठणकावायचीस, "उद्या मी येणार नाही. विचारत नाहीये, सांगतेय!" पगार कापला जायचा, एकदा तर कामच गेलं, पण तू गॅल्व्हस्टनच्या मिरवणुकीत हजर.

इथल्या लॉन्ड्रीत मी नवीन, आणि आपल्या काळ्या माणसांतली एकटीच. आठवडाभर तुझं वाक्य घोकत होते. शनिवारी धीर करून साहेबांसमोर गेले, तर तेच म्हणाले, "ऑर्लीन, सोमवारी येऊ नकोस हं. यंदापासून सगळ्यांना भरपगारी सुट्टी." माझं तोंड उघडं ते उघडंच! आभार त्यांचे मानले, पण मनात तुझेच.

काल आपलं सणाचं लाल सरबत केलं. शेजारच्या इंग्रिड आजींनी विचारलं, "कसला सण गं?" म्हटलं, "गुलामी संपल्याची बातमी आमच्या टेक्सासात अडीच वर्षं उशिरा पोचली, तो दिवस." आजींनी पेला पुढे केला. "मग भर पटकन. आधीच उशीर झालाय."

तुझं वाक्य मात्र मी वाया जाऊ देणार नाही. पुढच्या एकोणीस जूनला घरी येतेय. गुडघ्याचं निमित्त चालणार नाही, चाकाच्या खुर्चीत बसवून तुला मिरवणुकीत नेणार आहे.

विचारत नाहीये, सांगतेय!

तुझ्याच वळणावर गेलेली,
ऑर्लीन