धनी नसलेलं नाव

कार्तिक १२

पोचलो एकदाचा. गुडघे अजून मागच्या चढावरच आहेत, पण संध्याकाळपर्यंत तेही येतील. जिच्या घरी उतरलोय त्या दाफुतीने मला दारातच आपादमस्तक न्याहाळलं आणि शेजारच्या काल्देनला ओरडून सांगितलं, की काठमांडूहून पेपरवाला बाजे आलाय, पोटावरून तरी खात्यापित्या घरचा दिसतो. ब्राह्मण दिसला की त्याला 'बाजे', म्हणजे आजोबा, करून टाकायचं ही आपल्याकडची जुनी खोड. मी अजून पन्नाशीच्या अलीकडेच आहे. शेंडी नसती तर निदान काकावर निभावलं असतं.

संपादकांचा हुकूम असा, की 'येती' या शब्दाचा अर्थ काय, तो कोण, कधी, कसा वापरतं, ते लिहून आणा. बनारसला शिकलेल्या माणसाला यती म्हटलं की मुंडण केलेला संन्यासी दिसतो. हा हिममानव नेमका उलट, नखशिखांत केसाळ. पाणिग्रहण सोडून काहीच समान नाही. दोघांनीही ते केलेलं नाही.

घरामागे बटाट्याचं वावर, पुढे एकदम दरी, पलीकडे काळा कडा. हाक मारावी अशी जागा. माझ्या लेकीला, इंदूला, अशा जागा फार आवडायच्या. डोंगर दिसला की आधी आपलं नाव ओरडायची आणि उत्तर आलं की माझ्याकडे वळून म्हणायची, बा, तिथली इंदू पण उठली. आषाढात नऊ वर्षांची होऊन तापाने गेली. आज दिवेलागणीला मी तिच्यासाठी एकदा हाक मारली. कड्याने लगेच परत दिली. बरं वाटलं.

कार्तिक १५

शब्दाचं काम झकास चाललंय. 'ये' म्हणजे खडकाळ जागा, 'ते' म्हणजे ते जनावर. इथवर सोपं. वापर मात्र गमतीचा. बायका हा शब्द आळशी नवऱ्यासाठी ठेवतात. खालच्या वाटेवरच्या दोन हॉटेलांनी तो पाटीवर रंगवलाय. आणि जे खरोखर वर राहतात, ते गुराखी हा शब्द उच्चारतच नाहीत, 'वरचा' म्हणतात. अंधारात सापाला दोरी म्हणावं तसं.

आज चहात याकचं दूध आहे का असं विचारलं. काल्देन हसून हसून खोकला. म्हणे, याक नर असतो बाजे, तो पंडितांनाच दूध देतो, तुम्ही जाऊन मागून बघा.

संध्याकाळी हाक मारली. उत्तर आलं.

कार्तिक १८

दाफुती रुसली आहे. पोळीसारखी थापलेली बटाट्याची रिगी-कुर रोज लोण्यासकट पुढ्यात येते, आज थाळी नुसती सरकवली. कारण काल्देनने सांगितलं. गेलेल्या माणसाचं नाव इथे घेत नाहीत. नाव घेतलं की तो वळून बघतो, त्याची पुढची वाट मोडते, पुढचा जन्म अडतो. खुद्द काल्देनचं नाव आधी वेगळं होतं. त्याच नावाचा भाऊबंद हिमकड्याखाली गेला, तेव्हा याने आपलं बदललं. जुनं काय होतं विचारलं, तर चहाच्या कपात बघत बसला.

दाफुतीचा नवराही डोंगराने नेला. तिच्या तोंडी तो फक्त 'आमच्या घरचा'. मी थट्टेने म्हटलं, नावात काय भीती, नाव तर नुसती हवा. ती म्हणाली, बाजे, हवेनेच छप्परं जातात.

शब्द आणि अर्थ यांचं नातं नित्य असतं, हे गुरुजींनी आम्हाला छडीने शिकवलं. मग माझ्याजवळ उरलेल्या या एका शब्दाचं काय करू? त्याचा अर्थ मी स्वतःच्या हातांनी बागमतीच्या काठी चितेवर ठेवून आलो. मी हाक मारणारच. बापाला तेवढं तरी असू द्या.

कार्तिक २०

उत्तर उशिरा आलं. मी वळून घरात शिरत होतो तेव्हा. थंडीत आवाज जड होत असेल.

दाफुतीला सांगितलं नाही. पुन्हा थाळी सरकवेल.

कार्तिक २१

काल्देनला सहज विचारलं, की थंडीत इथला प्रतिध्वनी मंदावतो का. त्याने कप खाली ठेवला. म्हणाला, कुठला प्रतिध्वनी? तो जन्मभर त्या वावरातून गुरांना हाका मारतोय. दरी पुढे उघडी आहे, कडा फार लांब. गेलेला आवाज तिथून परत येत नाही.

मी हसलो. तो हसला नाही. मग त्याने जुनी गोष्ट सांगितली. 'वरचे' पूर्वी पुष्कळ होते आणि माणसाची हुबेहूब नक्कल करायचे. गावकऱ्यांनी माळावर छांग पिऊन लाकडी तलवारींनी खोटी मारामारी केली आणि छांगचे रांजण व खऱ्या तलवारी तिथेच ठेवून घरी गेले. रात्री ते उतरले, प्याले, आणि नकलेपायी एकमेकांना कापून मेले. मी विचारलं, सगळे? तो म्हणाला, सगळे मेले असते तर आम्ही नाव घ्यायला कशाला भ्यालो असतो?

आज हाक मारताना रडू फुटलं, मध्येच खोकला आला, हाक अर्ध्यावर तुटली.

तिकडूनही अर्ध्यावर तुटलेलीच आली.

कार्तिक २३

आज आधी तिकडून आली. मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

आवाज माझा. 'दू' लांबवायची माझी सवयसुद्धा. नंतर रडणं. मी दोन दिवसांपूर्वी रडलो होतो तसंच, मधल्या खोकल्यासकट.

वावरात पाऊलखुणा आहेत. दाफुतीने राख टाकून पुसल्या, मला नीट बघू दिल्या नाहीत.

कार्तिक २४

दाफुती चुलीपाशी बसवून बोलली. प्रथमच थट्टेविना. म्हणाली, तुम्ही अर्थ विचारत फिरता ना, लिहून घ्या. तुम्ही लिहिता ते त्याचं नाव नव्हे, आपण दिलेलं. त्याला स्वतःचं नाव नाहीच. नाव नाही म्हणून त्याला घर नाही, माणूस नाही. ज्या नावाला धनी उरला नाही, ते नाव तो उचलतो आणि हाका मारत बसतो. कुणीतरी येईल म्हणून.

मी विचारलं, कोण येतं?

तिने चुलीत लाकूड सारलं. म्हणाली, लेकरू वाटेवर असतं बाजे. त्याला काय कळतं आवाज कुणाचा? मीसुद्धा आमच्या घरच्याला पहिल्या वर्षी हाका मारल्या. मग ओठ शिवून घेतले. उशीर झाला की नाही, मला अजून ठाऊक नाही.

तिचा हात धरून मी शब्द दिला. नाव घेणार नाही. या वहीतही नाही.

कार्तिक २५

दिवसभर ढग खाली आलेले. हाक मारली नाही. ओठांवर पदर धरावा तसं उपरणं धरून बसलो.

तो हाका मारतो आहे. दुपारपासून. थांबत नाही. किती माया आहे त्या आवाजात — मी स्वतः ओळखतो ना — ती कशी ओळखणार नाही —

माझी —, माझी सोनी, वळू नकोस.

काल्देन येऊन दाराशी बसलाय. म्हणतो, जनावर वाईट नाही बाजे, एकटं आहे. हे त्याने का सांगितलं? ते ऐकून मला जास्तच —

कार्तिक २६

दिवेलागण. दाफुतीने दाराला आडणा घातलाय, स्वतः त्याला पाठ लावून बसली आहे.

तो हाक मारतो.

आणि आज — खालून, दरीच्या वाटेकडून —

बा.

बारीक. दमलेली. चढ चढून आल्यासारखी.

तो पुन्हा. ती पुन्हा. बा, आले.

माझ्याकडे येत नाही. त्याच्याकडे वर जाते आहे. कड्याकडे. माझा आवाज तिथे आहे ना. मी गप्प आहे. मी तर इथे गप्प बसलो आहे —

दाफुतीला म्हणालो, एकदाच. तो मी नव्हे, एवढंच सांगायचंय. तू मागे वळू नको, तुझ्या वाटेने जा, एवढंच. दाफुती रडते आहे. म्हणाली, नाव घेतल्याशिवाय सांगा. नाव घेतलंत तर ती तुमचीही नाही, वाटेचीही नाही.

नाव न घेता कसं सांगू? दरीत किती लेकरं असतील. 'बाळ' म्हटलं तर सगळी थांबतील.

आता जवळजवळ आहेत, दोन्ही आवाज.

दाफुती दारावरून उठली. आडणा तिनेच काढला. म्हणाली, जा बाजे, आमच्या घरच्यासाठी मी नाही गेले तेव्हा —

बाहेर ढग. बा, कुठे आहेस, म्हणते आहे. तो म्हणतो, इथे. माझ्या आवाजात, इथे.

इथे नाही गं. इकडे. मी इकडे आहे, इं