शिसवीचा दस्ता

११ जानेवारी
आज आबांनी बंदूक उघडीनागडी करून ठेवली! अंगणात पोतं अंथरलंय, नळी एकीकडं, जुना लाकडी दस्ता एकीकडं. सासूबाई ओरडल्या, "शहात्तराव्या वर्षी काय खूळ घेतलं ह्ये?" पण सासरे कुणाचं ऐकतील तर शपथ.

आमची एकनळी बाराबोर. एका वेळी एकच काडतूस. पीक राखायचं लायसन आबांच्या नावावर, तीस वर्षं झाली. रानडुकरं मारायची तर वेगळी परवानगी लागते, म्हणून नुसता हवेत बार काढायचा. पण त्या बारावरच धरणाच्या पाण्याकाठचं आमचं सगळं रान उभं असतं. मागच्या साली आबा तापानं पडले, आठ दिवस बार नाही. डुकरांनी अडीच एकर मका झोपवला!

आबा म्हणतात, "हिला आता सगळ्या कामाची करायची. पाठीला अडकवून रानातल्या माळ्यावर चढता आलं पायजे. चिखलात पडली तरी रुसली न्हाय पायजे." लोखंडाला हात लावायचा नाही, ते लायसनवाल्या दुकानदाराचं काम. लाकूड आणि चामडं मात्र स्वतः करणार. कारखान्याच्या सुतारखात्यात जन्म गेलाय त्यांचा.

१४ जानेवारी
तिळगूळ दिला तर आबा मला म्हणाले, "गोड बोल गं तानू." तानूबाई त्यांची बहीण. जाऊन वीस वर्षं झाली! मी हसण्यावारी नेलं. पण दिवसभर मनातून जाईना.

२० जानेवारी
ज्वारीवर पाखरं फार. माळ्यावर उभी राहून गोफण फिरवत होते, तर आबा खाली येऊन थांबले. "त्या बाभळीच्या बुंध्याला मार." मारला. लागला. "पुना मार." असे दहा दगड मारायला लावले! आठ लागले. मला वाटलं शाबासकी मिळेल. "हं," म्हणाले आणि चालू लागले.

घरी सासूबाई शेजारच्या छबूबाईंना सांगत होत्या, "आमची सून डावखुरी, पर नेम बघा तिचा!" लग्न होऊन आले तेव्हा डाव्या हातानं भाकरी वाढली म्हणून याच बाईनं आठ दिवस अबोला धरला होता. आता कौतुक!

२५ जानेवारी
आबांनी माझं माप घेतलं. कोपरापासून बोटापर्यंत सुतळी धरली, मग मान किती वळते ते बघितलं. म्हणाले, "खोऱ्याला तुझ्या मापाचा दांडा घालतो." खोऱ्याला मान कशाला लागते? आबा पण ना!

३ फेब्रुवारी
आज नुसती हात बघत बसले. आबांचे.

आमचं जुनं गाव, पळसदेव, धरणाच्या पाण्यात गेलं तेव्हा त्यांनी डोक्यावरून एक शिसवीची फळी आणली होती. इतकी वर्षं घराच्या माळ्यावर पडून. वाटायचं, म्हातारा ही फळी सरणावर नेणार. तिच्यावर रंधा फिरला आणि आतून काळ्या-तांबड्या रेषा निघाल्या – देवा रे! मी भाजी करपवली बघता बघता.

दस्त्याच्या बुडाला पोकळी केलीय. झाकण कुठंय ते मला सापडेचना. बोटं फिरवून दमले. आबा हसले, "नख लाव." लावलं. टक! आत फडकं, तेलाची कुपी, दोरी. एक खिळा नाही, डिंक नाही. त्या जाडजूड थरथरत्या बोटांनी हे कसं केलं? पटाशी धरली की थरथर कुठं जाते कुणास ठाऊक!

अजून नुसतं लाकूड आहे म्हणून हात लावू दिला. बंदुकीला नाही. लायसनवर नाव असेल त्यानंच शिवायचं, हा आबांचा कायदा. माझ्या नवऱ्यानं, दीपकनंसुद्धा बापाची बंदूक कधी उचललेली नाही.

९ फेब्रुवारी
चुकलं! आबांचं चुकलं!

गाल टेकायला उंचवटा कोरलाय, तो उजव्या अंगाला. आबा बंदूक उजव्या खांद्याला लावतात, म्हणजे गाल दस्त्याच्या डाव्या अंगाला टेकतो. अठरा वर्षं बघतेय मी. पट्ट्याची कडीपण उलट्या बाजूला. आणि दस्ता आखूड, चांगला चार बोटं! मागं ट्रॅक्टरच्या ट्यूबचं रबर लावलंय, धक्का बसू नये म्हणून. तीस वर्षं बसला नाही, आता बसतो?

काम बघावं तर असं, की हात जोडावेत. आणि सगळंच उलटं. अशी माणसं हळूहळू विसरत जातात म्हणे. सांगू का?

१० फेब्रुवारी
नाही सांगितलं. एवढे खुश आहेत.

१५ फेब्रुवारी
दुकानदाराकडून दस्ता बसवून आणला. आबांनी माझ्या लेकीची, श्रेयाची, पांढरी नेलपॉलिश मागून घेतली आणि नळीच्या टोकावरच्या माशीला, म्हणजे नेम धरायच्या मण्याला, एक ठिपका लावला – दिवस मावळताना नेम दिसावा म्हणून. पोरगी हसून बेजार, "आबा, बंदुकीला मेकप!" पट्ट्यावर काडतुसांची पाच घरं. दोन आवाजाची, तीन खरी. अंधारातसुद्धा बोटाला कळावं म्हणून खऱ्यांच्या घरांना गाठ मारलीय.

मग आबांनी बंदूक उजव्या खांद्याला लावली. गाल अधांतरी. मान अवघडली. माशी दिसलीच नसणार! आणि म्हणतात काय, "झकास! अगदी मनासारखी झाली."

दीपकनं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. रात्री जेवताना तो बोललाच, "आबा, तुमी आता दमलाय. बंदूक ठाण्यात जमा करून टाकू." मला वाटलं भडकतील. तर म्हणाले, "बुधवारी इंदापूरला जातो. म्हाळसाला संगं घेतो." म्हणजे मला.

एवढ्या हौसेनं केली, आणि आता जमा! आणि रान? मका पुन्हा डुकरांच्याच तोंडी.

१८ फेब्रुवारी
आज इंदापूरला जाऊन आलो.

जमा नाही केली! कचेरीत आबांनी पिशवीतून कागद काढले. म्हणाले, "माझं वय झालं. हे लायसन घरच्या माणसाच्या नावावर करायचंय." साहेबांना वाटलं दीपकच्या. "नाव?"

"म्हाळसा दीपक." मी मागं वळून बघितलं – जसं काही तिथं दुसरीच म्हाळसा उभी असेल!

"नातं?"

"वारस," आबा म्हणाले.

"सून म्हणा की, आजोबा," साहेब म्हणाले.

"सून हायेच. वारस लिवा."

मी सही केली. शाई पुसली गेली हाताखाली, नेहमीसारखी. दीपक चिडेल म्हणून धास्ती होती. तो म्हणाला, "बरंच झालं. मला कारखान्यातनं सवड कुठाय? पर ती वाकडी बंदूक तू चालवणार कशी?" तेच तर!

२४ मार्च
लायसनसाठी पुण्याला ट्रेनिंग, तिथल्या बंदुकीवर. शिकवणारे म्हणाले, "उजव्या खांद्याला लावा ताई, उजवा डोळा." लावली. दहा गोळ्यांतल्या दोन लागल्या. बाकीचे पुरुष एकमेकांकडं बघून हसत होते. मेल्यांनो, गोफण घेऊन या म्हणावं!

घरी आबांना सांगितलं. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते म्हणाले, "उजव्यानं दोन? लय झाल्या." आणि खुशाल तंबाखू मळत बसले. त्यांना सगळं कळतंय की काहीच कळत नाही, मला कळेनासं झालंय.

३० एप्रिल
ठाण्यातून पोलीस येऊन चौकशी करून गेला. "बाई चालवणार?" आबा म्हणाले, "बाईच चालवणार."

धरणाचं पाणी हटलं. बुडालेल्या जुन्या देवळाचं शिखर वर आलंय. काठच्या मक्यात काल डुकरं शिरली, बारा सऱ्या गेल्या. आबांनी बार काढला, पण खांदा धरून खालीच बसले. पुढच्या बाराला त्यांना उठता येणार नाही. मला चालवता येणार नाही. मग कोण?

२३ मे
लायसन आलं. माझा फोटो, माझं नाव.

आबांनी बंदूक दोन्ही हातांवर आडवी धरून माझ्यापुढं केली. आमच्या बंदुकीला पहिल्यांदा हात लावला. शिकवल्याप्रमाणं उजव्या खांद्याला लावली. गाल टेकेना. आबा माझ्या डाव्या हाताकडं बघत राहिले.

मी खांदा बदलला.

गाल उंचवट्यावर बसला. दस्ता बरोब्बर खांद्याशी आला. डोळ्यासमोर पांढरी माशी!

"तानूचा डावा हात आमचा बाप गुराच्या दाव्यानं बांधून ठेवायचा," आबा म्हणाले.

त्यांचं कुठंच काही चुकलं नव्हतं.