छोट्या गाडीचा गंज

४ मे, रविवार. चाकण.
आजपासून रोज लिहायचं. आठवी नापास माणसानं लिहू नये असा काही कायदा न्हाई.
ठरलेली गोष्ट एकच. पावसाच्या आत गावाकडं जायचं आन मायच्या सैपाकघराचे पत्रे बदलायचे. गंजून चाळणी झाली त्यांची. माय फोनवर म्हणली, उकंडराव मिस्तरी मोकळा हाय, बोलावू का? मी म्हणलं, बिलकुल न्हाई. त्याची शिडी खाली उतरत न्हाई तवर पुन्हा गळाया लागतंय. घरात पोरगं असताना मिस्तरी काहून? मायला बरं वाटलं. मलाबी.
तवर फावल्या वेळात छोट्या गाडीचं मॉडेल पूर्ण करू. हिंगोली-वाशीम मीटरगेज. लहानपणी मायसंगं मामाकडं जायचो ती. लाईन मोठी झाली, ती गाडी गेली. सनबोर्डाचे डबे झालेत, पीव्हीसी पाईपचं इंजन झालंय. मायसाठीच बनवून राहिलो. म्हंजे हे बी घरचंच काम.

११ मे.
गाडी तयार. पण जत्रेतल्या खेळण्यावाणी दिसती. यूट्यूबवरचा गोरा म्हातारा म्हणतो, वेदरिंग पाहिजे. इंग्रजीत म्हणतो, पण हाताकडं बघून समजतं. नव्या गाडीला वीस पावसाळे काढल्यावाणी करायचं. गंज, काजळी, धूळ.
कंपनीत मी पेंट शॉपला. पार्टवर सुईएवढा डाग दिसला की रिजेक्ट. रूममेट उत्तमसिंग म्हणला, दिवसभर डाग काढतो आन रूमवर येऊन डाग लावतो, तुला पगार नेमका कशाचा हाय?
अडाणी माणूस.

२५ मे.
गंज जमत न्हाई. विटेचा भुगा, चहाचं पाणी, काव, सगळं लावलं. टमाट्याची चटणी सांडल्यावाणी दिसतंय.
दुपारी प्रतिक्षाचा व्हॉट्सॲप. बहीण बारावीला हाय, टोमणे एम.ए.चे मारती. पत्र्याचा फोटो टाकला, खाली लिहिलं, दादा, भाकरी करता करता चांदण्या दिसून राहिल्या.
फोटो मोठा करून बघितला. काय गंज! मधी काळा, मग चॉकलेटी, कडंला नारंगी. एक नंबर. तिला म्हणलं, जरा जवळून काढ, उजेडात. ती बिचारी टेबलावर चढून काढत बसली.
मग कळलं, मायनं गल्लीभर सांगितलं, विश्वंभर तिकडून माप घेऊन राहिला. मनाला लागलं. पण गंजाचा शेड मिळाला.

१५ जून.
गावाकडं पाऊस लागला. मायनं चुलीजवळ पातेलं मांडलं, गहू बाजंवर उचलून ठेवले. तकलीफ न्हाई म्हणली. तीनदा म्हणली, म्हंजे हाय. उकंडरावचं पुन्हा नाव काढलं. मी म्हणलं, मी येऊन राहिलो ना? सुपरवायझर सुट्टी देईना.
मागितली न्हाई अजून. पण मागितली असती तरी त्यानं दिली नसती.

२० जुलै.
सुट्टी मागितली. लगेच दिली. गणपतीच्या आधीची. माझाच गोंधळ झाला.
मायला फोन केला. ती लागलीच प्रतिक्षाला म्हणली, पातेलं आता काही दिवसांचंच. ऐकून छाती भरून आली.

१७ ऑगस्ट.
कंपनीच्या गणपतीला डेकोरेशनमधी माझी छोटी गाडी! कमिटीनं स्वतः विचारलं. मांडामांड मीच करावी लागंल, दुसऱ्यानं हात लावला तर काजळी उडती. सुट्टी पुढं ढकलली. मायला सांगितलं, सुट्टी रद्द झाली. हे खोटं न्हाई. रद्द झालीच. मीच केली, एवढंच.
माय म्हणली, असू दे बाबा, नोकरी सांभाळ.
असं बोलली की जेवण जात न्हाई. शिव्या द्यायला पाहिजे होत्या.

२४ ऑगस्ट.
गाडीवर गुलाल-पाणी उडू नये म्हणून ॲक्रिलिकची पेटी बनवली. सगळ्या सांध्यांत सिलिकॉन. पाण्यात धरून बघितली, एक थेंब आत आला न्हाई. उत्तमसिंग म्हणला, एवढं घराला केलं असतं तर? त्याच्याशी आज बोललो न्हाई.
गंज पक्का बसायला वरून वार्निश मारायचं राहिलं. गावाकडं मारू.

२७ ऑगस्ट. गणपती.
गर्दी गणपतीपेक्षा गाडीपुढं. मोठे साहेब वाकून बघत होते, म्हणले, हा गंज खरा हाय का? जिंदगीत असं कुणी विचारलं न्हाई.
मग मोबाईल बघितला. प्रतिक्षाचे मिस्ड कॉल. सैपाकघरात पाणी साचलं होतं, माय पाय घसरून पडली. उजवं मनगट लचकलं. माय म्हणली होती, त्याला सांगू नको, त्याला तिकडं सुट्टी देत न्हाईत.
प्रसादाचा मोदक हातात तसाच राहिला.
दसऱ्याला जायचं म्हंजे जायचं. आधी पत्रे, मग तोंड धुणं.

१ ऑक्टोबर. खंडेनवमी. कनेरगाव नाक्याजवळ, घरी.
सकाळी पोचलो. मांडीवर पेटी धरून रातभर बसलो होतो. पेटी मायच्या हातात दिली, म्हणलं, ओळख बरं. मायनं ओळखली. खिडकीपाशी बसायला रडायचास तीच ना, म्हणली. मग म्हणलं, पाच मिनिटं पाठ टेकतो आन शिडी लावतो.
उठलो तवा ऊन कललं होतं.
पाटावर विळा, कोयता, टिकास मांडलेले. मधोमध माझी गाडी. झेंडू, हळद-कुंकू. आन चकचकीत. गंज न्हाई, काजळी न्हाई, डब्यावर लिहिलेल्या हिंगोलीचं 'हिं' सुद्धा न्हाई. नव्या स्टीलच्या डब्यावाणी.
माय म्हणली, एवढ्या लांबून आणली रे, रस्त्यानं किती मळली होती. पूजेला अशी कशी ठेवायची? काथ्यानं घासली. उजवा हात अजून वळत न्हाई, म्हणून डाव्या हातानं. वेळ लागला, पण निघालं सगळं. आमी त्या गाडीत बसायचो तर नवं लुगडं नेसून बसायचो, मळकी नव्हती ती.
छान झाली, म्हणलं. दुसरं काय म्हणणार.
उकंडरावकडं गेलो. तो म्हणला, या विश्वंभरराव, मेपासून माझी शिडी तुमच्या नावानं उभी हाय. आता दसरा झाल्यावर बघू.
परत येईस्तवर पाऊस सुरू. प्रतिक्षा पातेलं शोधत होती, त्यात पुरणाची डाळ शिजलेली. तिनं इकडंतिकडं बघितलं आन गाडीची रिकामी पेटी उलटी करून चुलीपाशी ठेवली. मला विचारलं न्हाई.
टप टप चालू हाय. माय, प्रतिक्षा आन मी तिघं पेटीकडं बघत बसलो. निम्मी भरली.
एक थेंब बाहेर आला न्हाई. माय म्हणली, हे मातर पक्कं केलंस बाबा.