कोठाराबाहेरची रांग

९ ऑगस्ट १९४५

पोचले एकदाची बान लुओंगला! तराफ्यावरून उतरताना औषधांची पेटी डोक्यावर धरून वाचवली, मी मात्र कमरेपर्यंत भिजले. जपान्यांशी लढणाऱ्या आमच्या तुकडीचे प्रमुख ख्वातदादा म्हणाले, हनोईहून नर्स मागवली होती, ही तर भिजलेली कोंबडी आली! सगळे हसले. मीही हसले. रांधणाऱ्या न्हाममावशींनी चुलीपाशी बसवून उकडलेली कंदमुळं खाऊ घातली. भात इथं कुणी महिनोन्‌महिने पाहिलेला नाही. गावाचा सगळा तांदूळ टेकडीवरच्या कोठारात आणि त्यावर जपान्यांचा पहारा.

१२ ऑगस्ट

मावशींबरोबर पाला खुडायला गेले. कोठाराच्या मागं मोठा खड्डा आहे. भुकेनं मेलेली माणसं गावानं चटईत गुंडाळून तिथंच ठेवली. पुरायला कुणाच्या हातात बळ नव्हतं. मावशींच्या लेकीला, थोआला, चटईही मिळाली नाही. मावशींनी अंगातला निळा सदरा काढून तिला पांघरला. पंचांगातला सातवा महिना लागलाय, या महिन्यात भटक्या आत्म्यांसाठी पेज ठेवायची रीत. पण जित्यांनाच नाही तर मेल्यांना कुठून आणू, असं म्हणाल्या आणि पुन्हा पाला खुडायला लागल्या.

१४ ऑगस्ट

कोठार घेतलं! पहाटे रस्त्याच्या बाजूनं चढलो. मोजक्या बंदुका, बाकी कोयते. मशीनगन आम्हाला झोडपून काढणार असं धरूनच चाललो होतो, पण ती वाजलीच नाही. जपान्यांनी ती मागच्या भिंतीत, खड्ड्याकडे तोंड करून बसवली होती. फिरवेपर्यंत आमची माणसं आत शिरली. आमचा एक गेला. सिएमच्या पोटात संगीन घुसली, पण जीव आहे अजून. त्यांच्यातला एकच जिवंत राहिला, मोरिता नावाचा शिपाई. आमची भाषा मोडकीतोडकी बोलतो. एकच घोकतोय, मागचं दार उघडू नका. ख्वातदादांनी विचारलं, तिकडून कोण चालून येणार रे, मढी? तो रडायला लागला.

१६ ऑगस्ट

जपान शरण गेला! ख्वातदादा तुकडी घेऊन शहराकडे निघाले. जखमी सिएम, बांधलेला मोरिता, मावशी आणि मी मागं कोठारातच. गावाला पेज वाटली. रिकाम्या पोटी घट्ट भात जीव घेतो, म्हणून पातळच ठेवली. एक म्हातारा म्हणाला, नर्सबाई, हिच्यात तांदूळ शोधायला होडी लागेल. आम्हीही पोटभर प्यायलो.

१८ ऑगस्ट

दुपारी मागच्या बाजूलाही रांग लागली. पलीकडच्या गावातले असतील म्हणून दार उघडलं. वाडगे भरून दिले. कुणी तोंडाला लावले नाहीत. सगळे माझ्या ओठांकडे बघत होते. मावशी बाहेर आल्या आणि थांबल्याच. निळा सदरा पांघरलेली एक मुलगी. मावशी म्हणाल्या, माझी थोआ आहे गं. मी त्यांचा हात धरला. त्यांनी झटकला. सोड, उपाशी आहे लेकरू.

ऊन लख्ख होतं. सगळं दिसलं मला. थोआनं पेजेला हातही लावला नाही. तिनं मावशींना —

१९ ऑगस्ट

काल मागचं दार ओढून अडसर घातला. मोरिताच्या दोऱ्या सोडल्या. तो म्हणतो, त्यांना भात नको. भात खाल्लेले हवेत. आधी का नाही सांगितलंस, असं विचारलं. म्हणाला, सांगत होतो.

सकाळी रांगेत मावशी. मला नावानं हाका मारतात. दिएम, बाळा, ये ना गं —

२० ऑगस्ट

सिएम पहाटे गेला. पोत्यांवर ठेवलाय, पुरायला बाहेर कसं —

गाव आलंय पेजेसाठी, पुढच्या दाराशी. आतून ओरडले, खाऊ नका, पळा. त्यांना वाटतं मी तांदूळ दडवतेय. काल नर्सबाई होते, आज जपान्यांची रांड. कोयत्यांनी दार फोडतायत. लेकुरवाळ्या बायकाही आहेत. सगळे जेवलेत माझ्या हातचं —

मोरिता मशीनगनपाशी. विचारतो, कुठं फिरवू. मी म्हटलं, पुढं नाही. काही झालं तरी पुढं नाही.

मागच्या दाराला आवाजच नाही —

त्या दाराचा अडसर सरकतोय. आतून. मोरिता माझ्याजवळ आहे. मग कोण — पोत्यांवर सिएम ना—