भिंतीच्या शाबूत विटा

गाझियाबाद, २८ मे

राजाभाऊ,

तुझी भिंत माझ्या कढीपत्त्यावर पडली. पाया खोल घे म्हणून सांगत होते ना? पण धाकट्या भावाचं तोंड दिसू नये, याचीच तुला घाई!

बाकी आशीर्वाद. सुनेलाही. तनयाला म्हणावं, आजी अजून आहे. फोन केला की 'मीटिंगमध्ये आहे' म्हणून कापतोस, म्हणून पत्र लिहितेय. हे काप बघू.

तर या महिन्याच्या सुरुवातीच्या आंधीत अंगणातली ती भिंत आडवी झाली. कुणाला लागलं नाही. सकाळी तुझ्या घरातले भाडेकरू आणि आम्ही, उडालेले कपडे कुणाचे कुठले ते ओळखत उभे!

ज्याचं तोंड तुला नको, तो मारुती ट्रॅक्टरवाल्याला घेऊन आला. मी विचारलं, "मलबा कहाँ डालोगे?"

"हिंडन के किनारे, अम्माजी."

"क्यों, नदी ने तेरा क्या बिगाड़ा है?"

ट्रॅक्टरवाला हसत परत गेला. मग मीच अंगणात खुर्ची टाकली. मारुती विटांचं सिमेंट खरवडतोय, धाकटी सून अक्षता तुकडे निवडतेय, तुझे भाडेकरू घमेली वाहतायत, आणि मी पडलेल्या कैऱ्यांचं पन्हं करून सगळ्यांना पाजतेय. अशी मजा घरच्या लग्नातही आली नव्हती. तुझ्या तर नाहीच.

चुरा गल्लीतल्या खड्ड्यात दाबून बसवला, आता तिथे पाणी साचायचं नाही. अर्ध्या विटांची खतकुंडी बांधली, त्यात आंधीने पाडलेला सगळा पाला गेला. सळ्या भंगारवाल्याने नेल्या. कढीपत्त्यालाही खालून फुटवा आलाय. मेला माझ्यासारखाच चिवट.

शाबूत विटांना मात्र मारुती हात लावू देईना. जांभळाखाली रचून वर ताडपत्री घातलीय. मी म्हटलं, अरे, ओटा बांधू, संध्याकाळचं बसायला होईल. तर म्हणतो, "आई, विटा दादाच्या आहेत. त्याला विचारल्याशिवाय नको."

दादा म्हणाला. गाडी कुणी कुठे लावायची यावरून भांडलात, भिंत घातलीत, त्यानंतर पहिल्यांदाच.

त्या दिवशी पन्ह्यात मीठ जास्त पडलं माझ्याकडून. तरी सगळ्यांनी पेले रिकामे केले.

तेव्हा पुन्हा भिंत की ओटा, ते सांग. दोन्ही घरची माणसं मावतील एवढा ओटा होतो. तनयाला पाय हलवत बसायलाही जागा उरते.

पण मला लिहू नकोस, मी वाचणार नाही. सुनेच्या हाती निरोपही चालणार नाही. विचारलंय मारुतीने, उत्तर त्यालाच द्यायचं. तू. स्वतःच्या तोंडाने.

तुम्हा दोघांची
आई