सहाव्या मजल्याची भिंत

३ एप्रिल
आजपासून रोजनिशी. नियमित. कुणी वाचावी हा हेतू नाही, तरी अक्षर नीट काढायचं.

काल इतिहास घडला. हातातल्या जुन्या व्हिडिओ गेमवर 'दीपगृह' खेळत होतो. सहावा मजला. होडी धक्क्याला लागली आणि नेमकं त्याच क्षणी मी रखवालदाराची पिशवी उघडली. रखवालदार भिंतीतून आरपार गेला! पलीकडे खोली. तुटकी अक्षरं, उलटा समुद्र, छताला चिकटलेले अर्धे पक्षी. मग स्क्रीन गोठला.

तीस वर्षं झाली हा गेम येऊन. जगभरातले लोक त्यातल्या चुका, म्हणजे ग्लिच, शोधून नोंदवत बसलेत. सहाव्या मजल्याची भिंत कुणालाही ओलांडता आलेली नाही. मी ओलांडली. मी, ओग्न्यान, बल्गेरियातलं रुसे शहर, घराघरांत ऊब पुरवणाऱ्या हीटिंग कंपनीचा तक्रार विभाग.

व्हिडिओ नाही. फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता.

स्नेझानाला सांगितलं. म्हणाली, बाथरूमचा नळ गळतोय, ती पण चूकच आहे, तिची पण नोंद कर. बायको म्हणून चांगली आहे, पण संशोधनाचा पिंड नाही.

४ एप्रिल
या गेमच्या ऑनलाइन फोरमवर पोस्ट टाकली. शीर्षक: 'सहावा मजला पडला.' संयमित ठेवलं.

डोरोटाचं उत्तर आलं. ही पोलंडमधली बाई फोरम चालवते. तिने मान्य केल्याशिवाय कुठलाही ग्लिच यादीत चढत नाही. लिहिते, अभिनंदन, व्हिडिओ कधी पाठवतोस?

'उद्या' असं कळवलं.

९ एप्रिल
व्हिडिओ नाही. होडी येते, पिशवी उघडते, भिंत भिंतच राहते. माझं तंत्र निर्दोष आहे, त्यामुळे दोष दुसरीकडे असणार.

थंडी संपली, शहराचं हीटिंग आता बंद झालंय, त्यामुळे ऑफिसात फोन कमी. दुपारी संडासात बसून सराव केला. बाहेरून साहेबांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना. 'पोट' असं म्हणालो.

१३ एप्रिल
स्नेझानाने आज पुन्हा बजावलं. गेम तिच्या भावाचा. कामेन. एकोणिसाव्या वर्षी मोटारसायकलवर गेला, आमच्या लग्नाच्या बऱ्याच आधी. त्याने हा गेम शेवटपर्यंत खेळून, दिवा पेटवून, सेव्ह करून ठेवलाय. वरच्या मजल्यावर पेटलेला दिवा, शेजारी रखवालदार आपल्याकडे बघत उभा. दरवर्षी १९ मेला त्याच्या स्मरणाच्या दिवशी सासूबाई गावाहून येतात, उकडलेले गहू वाटतात, आणि गेम चालू करून तो दिवा बघतात. मग बंद. बटनाला कुणी हात लावत नाही.

या गेममध्ये सेव्ह एकच राहतं. नवं केलं की जुनं पुसलं.

"खेळ हवं तेवढं," ती म्हणाली, "पण सेव्ह केलंस तर बघ."

मी हसलो. ज्याने या गेमच्या चुकांची बल्गेरियन भाषेतली सगळी पानं लिहिली त्याला हे सांगायचं? मी तिथूनच रखवालदाराला खाली आणून फिरवतो आणि सेव्ह न करता बंद करतो. इतकं सोपं आहे.

२० एप्रिल
फोरमवर कुजबुज. एका फिनिश गृहस्थाने लिहिलं, 'कदाचित ओग्न्यानने स्वप्न पाहिलं असेल.' त्याखाली हसरे चेहरे. मोजले नाहीत. बरेच होते.

डोरोटाने जाहीर केलं: महिनाअखेर ऑनलाइन बैठक, ओग्न्यान सर्वांसमोर प्रात्यक्षिक देईल. मी होकार दिला. दबावाखाली माझं काम खुलतं.

रात्रीचं जेवण गेलं नाही. स्नेझानाने बानित्सा केली होती. पापुद्र्यांची, पनीर घालून. तरी नाही.

२७ एप्रिल
उद्याची तयारी. कार्ट्रिज, म्हणजे यंत्राच्या खाचेत बसणारी गेमची डबी, कॅमेऱ्यासमोर झळकायला हवं. उघडलं, आतल्या पितळी पट्ट्या स्पिरिटने लखलखीत पुसल्या. काय तो मळ! कापूस काळा झाला.

आत एक बॅटरी दिसली. गोल, छोटी. या बॅटऱ्या जुन्या झाल्या की संपतात आणि सेव्ह जातं, हे मीच माझ्या पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय. मनात आलं, कामेनची आठवण अशी वाऱ्यावर का सोडायची? आपण जावई. आजच नवी बसवून टाकू. स्नेझानाला नंतर सांगू. डोळ्यांत पाणी येईल तिच्या.

संध्याकाळ
बॅटरी काढली तरी सेव्ह जातं. हेही मीच लिहिलंय. पुढच्याच ओळीत.

दिवा नाही. रखवालदार नाही. 'नवा खेळ सुरू करा' एवढंच.

स्नेझाना बाहेरच्या खोलीत बहिणीशी फोनवर बोलत होती. हसत होती. मी गेम उशीखाली ठेवला, मग उशीवर बसलो.

२८ एप्रिल
बैठक. प्रात्यक्षिक. सहाव्या मजल्यावर पोचण्यासाठी आता मला पहिल्यापासून खेळायला लागणार होतं, आणि पन्नास माणसं बघत होती. इंटरनेट गेलं असं सांगितलं. स्क्रीनवर माझा चेहरा हलताना दिसत होता हे नंतर कळलं.

डोरोटाने खासगीत विचारलं, "ओग्न्यान, राग मानू नकोस, पण भिंतीतून गेलास त्या दिवशी कार्ट्रिजच्या पट्ट्या स्वच्छ होत्या का? मळ असला की चित्र असं फाटतं, कधीकधी भिंतीही फाटतात."

मत्सर. दुसरं काही नाही.

पण आता याला वेळ नाही. १९ मे जवळ आलाय.

२९ एप्रिल
योजना. शांत डोक्याने.
गेम पहिल्यापासून खेळायचा. रखवालदाराचं नाव कामेन. दिवा पेटवायचा, वर उभं करायचं, सेव्ह. कुणाला कळणार? या गेमचा माझ्याइतका जाणकार बाल्कन प्रदेशात नाही. आठवडाभरात होईल. रविवारी नळ.

४ मे
एक गोष्ट लक्षात आली. मी हा गेम कधी सरळ खेळलेलोच नाही. कामेनच्या सेव्हवरून सुरू करायचो, भिंती चाचपायचो, बंद करायचो.

गेममध्ये वादळं असतात. पहिलं वादळ: पार. दुसरं: अनेक प्रयत्नांनी पार. तिसऱ्यात बुडतो. लाट कुठून येते तेच समजत नाही.

९ मे
तिसरं वादळ. बुडालो. ऑफिसात एका आजीचा फोन आला, रेडिएटर थंड आहे. मी म्हणालो, मे महिना आहे. ती म्हणाली, तरी पण थंड आहे. फोन कानाला आणि गेम मांडीवर, बुडालो. तोंडातून नको तो शब्द गेला. आजीने तक्रार केली. आता तक्रार विभागाविरुद्ध तक्रार माझ्याच टेबलावर आली आहे. कार्यवाही चालू असा शेरा मारला.

१२ मे
स्नेझाना म्हणाली, "हल्ली भिंती सोडून वादळात कसा?" माझ्या मागून गेली असावी. मी म्हणालो, संशोधनाची नवी दिशा.

ती स्क्रीनकडे बघत राहिली. मग म्हणाली, लाटेकडे बघू नकोस. आणि कपडे वाळत घालायला गेली.

काहीतरीच. लाटेकडे बघायचं नाही तर कुठे बघायचं?

१६ मे
झोप नाही. वजन कमी झालं असावं. पट्टा मात्र त्याच भोकात.

सासूबाईंचा फोन. गहू निवडून ठेवलेत, अक्रोड फोडलेत, शनिवारी पहिल्या बसने निघते. "दिवा आहे ना रे बाळा नीट?" मी म्हणालो, आहे आई. तोंडातून इतकं सहज आलं की क्षणभर मलाच हायसं वाटलं.

फोन ठेवल्यावर चौथा कप केला. चहा जास्त होतोय.

१७ मे
मार्ग सापडला. मी उगाच सरळ रस्त्याने निघालो होतो! पहिल्या मजल्यावर दारात उभं राहून घंटा वाजवली की रखवालदार थेट वरच्या मजल्यावर फेकला जातो. जुना, सर्वांना ठाऊक असलेला ग्लिच. त्याचं पान मीच लिहिलं. वर गेलं की दिवा पेटलेलाच असतो.

केलं. पोचलो. दिवा!

दोन किरकोळ अडचणी. पिशवी रिकामी राहते. कामेनच्या पिशवीत दोर, तेल, किल्ल्या सगळं होतं. आणि रखवालदार भिंतीकडे तोंड करून अडकतो. वळवायला गेलं की जमिनीतून खाली पडतो.

तसाच सेव्ह केला. सासूबाईंना चष्मा आहे. स्नेझाना बटनांना हात लावत नाही.

मी समाधानी आहे. खरंच आहे.

१९ मे
सकाळी सासूबाई आणि घरचे सगळे आले. टेबलावर गहू, साखर, अक्रोड, मेणबत्ती, कामेनचा फोटो. फोटोत तो हसतोय आणि मला वाटलं माझ्याकडे बघूनच.

स्नेझानाने गेम आणला. मी म्हणालो, आण मी लावतो, बटन जरा जड झालंय. "राहू दे," ती म्हणाली. आईच्या हातात दिला.

चालू झाला. पांढरा स्क्रीन. या ग्लिचमध्ये कधीकधी चित्र येतच नाही, नुसती तुटकी अक्षरं येतात, हेही माझ्या पानावर आहे. माझ्या पाठीतून घाम खाली उतरलेला मला कळत होता. मेणबत्ती चुरचुरली.

मग दिवा आला.

सासूबाईंनी क्रॉसची खूण केली. मी श्वास सोडला. त्यांनी चष्मा पुसला, गेम नाकाजवळ नेला, बराच वेळ बघितलं.

"यंदा पोरगं पाठ करून उभं आहे," त्या म्हणाल्या.

मी मेणबत्ती सरळ केली.

"रागावलाय का गं आपल्यावर?"

स्नेझानाने आधी माझ्याकडे बघितलं. अगदी थोडं. मग आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "नाही गं आई. समुद्र बघतोय. त्या बाजूला खिडकी आहे."

"हां," सासूबाई म्हणाल्या. "समुद्र त्याने कधी पाहिलाच नव्हता. बघू दे." आणि हळूच बंद केला.

गहू खाल्ले. माझ्या वाटीत अर्धे उरले. तरी एकंदरीत यशस्वी.

२० मे
सासूबाईंना बसमध्ये बसवून आलो. स्नेझाना स्वयंपाकघरात बसली होती, गेम समोर, चालू.

"पिशवी रिकामी आहे," ती म्हणाली.

मी बोललो. बॅटरी, जुनी यंत्रं, दमट हवा, डॅन्यूब नदी जवळ आहे. बरंच बोललो. ती ऐकत होती. शेवटी वाक्यंच संपली.

"बॅटरी काढलीस?"

हो म्हणालो.

"चांगली होती ती. मीच घड्याळवाल्याकडून बसवून घेतली होती."

मला अर्थ लागायला वेळ लागला. तिने सांगितलं. कामेनचं सेव्ह कधीच गेलं. आमच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात एक दिवस गेम चालू केला तर कोरा. आई मेमध्ये येणार, आणि त्या आधीच्याच वर्षी बाबाही गेलेले. मग ती बसली. पूर्ण हिवाळाभर, पहिल्या पायरीपासून शेवटच्या दिव्यापर्यंत. पिशवीतली एकेक वस्तू आठवून आठवून. "दोर आधी घेतला होता त्याने की किल्ली, यावर आठवडाभर अडले होते," ती म्हणाली. "कुणी बघणार नव्हतं. तरी."

मी विचारलं, मी कुठे होतो तेव्हा?

"इथेच. सोफ्यावर. तुझं ते भिंतीवरच्या कोळ्यांचे फोटो काढायचं चाललं होतं."

आठवलं. कोळ्यांच्या जाळ्यांचा संग्रह. दिवाणखान्यात दिवा चालू ठेवायचो तेव्हा ती म्हणायची, माझ्या डोळ्यांवर येतोय, मी आत बसते. मला वाटायचं, वाचत असेल.

रागावली का, विचारलं. म्हणाली, काल आईसमोर रागावले होते. आज थकले आहे. मग गेम माझ्याकडे सरकवला. "पुढच्या वर्षी आई येईल. त्याचं तोंड इकडे हवं. आणि दारातून जायचं. भिंतीतून नाही."

तिसरं वादळ तेवढं तू करून दे, असं सुचवलं.

नाही म्हणाली.

२६ मे
डोरोटाने यादी अद्ययावत केली. माझं नाव आलं आहे. 'ग्लिच नसलेल्या गोष्टी' या विभागात. 'सहावा मजला, ओग्न्यान, बल्गेरिया. कारण: मळ.' फिनिश गृहस्थाने अंगठा दाखवला आहे.

नाव तर आलं.

आजपासून नवा निश्चय. रोज ऑफिसनंतर सरळ खेळायचं. कुठलीही युक्ती नाही. वर्ष आहे हातात, पण माझा अंदाज, जूनअखेर दिवा पेटेल. उरलेल्या वेळात नळ, आणि सासूबाईंकडे एक चक्कर.

दुपार: पहिलं वादळ पार. सहज.

संध्याकाळ: दुसऱ्यात बुडालो. स्नेझाना शेजारी चेरीच्या बिया काढत बसली होती. वाडगा माझ्याकडे सरकवला.

पुन्हा बुडालो.